मापाचा माणूस

हेमांगीने चित्रातला माणूस कमी केला, त्याच्या दुसऱ्या सकाळी तिचा नवरा स्वयंपाकघरातल्या ओट्याएवढा होऊन उठला.

रणधीर चौगुले कोल्हापुरातल्या एका शाळेत खेळाचा मास्तर होता. सहा फुटांच्या वर उंची आणि व्हॉलीबॉल खेळून रुंद झालेले खांदे. घरात शिरताना तो चौकटीखाली मान वाकवायचा. वाकवायची गरज नव्हती, पण ती सवय त्याला आवडायची. त्या सकाळी तो कॉटवरून घसरत खाली उतरला, लांबच लांब झालेली लुंगी दोन्ही हातांत गोळा करून स्वयंपाकघरात आला, आणि ओट्यावरचा चहा त्याला दिसेना.

"काय केलंस?" तो म्हणाला. आवाज पहिल्यासारखाच होता, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा.

"काही नाही. चित्र दुरुस्त केलं," हेमांगी म्हणाली आणि तिने कप खाली धरला.

त्याने तो दोन्ही हातांनी घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्या डोक्यावरचा भोवरा तिला आजच दिसला. उजव्या बाजूला होता.

हेमांगी खेळांसाठी प्राणी काढायची. टेबलाभोवती बसून खेळायचे खेळ, त्यात प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, फासे टाकत पुढे जायचं आणि वाटेत पत्त्यांवरचे राक्षस भेटले की त्यांच्याशी लढायचं. पुण्याचे तेंडोलकर असा एक खेळ तयार करत होते, काळदरी नावाचा. त्यातला सगळ्यात मोठा प्राणी होता खडप्या. पाठ दगडाची, हात चार, मान नाही. खेळणाऱ्यांना त्याचा आकार कळावा म्हणून शेजारी एक माणूस काढायचा असतो. तेंडोलकर त्याला मापाचा माणूस म्हणत.

या माणसासाठी रणधीर स्वतःहून उभा राहिला होता. "मापच घ्यायचं तर चांगल्या माणसाचं घे," असं म्हणत त्याने झाडूचा दांडा भाल्यासारखा धरला होता. एरवी तो तिच्या कामाला भुतं रंगवणं म्हणायचा आणि जेवायची वेळ झाली की तिच्या टेबलावरचा दिवा न विचारता बंद करायचा. त्या दुपारी मात्र तो न हलता उभा राहिला, मधूनच हसला. चित्रातला माणूस हुबेहूब आला होता.

तेंडोलकरांनी चित्राचा फोटो पाहून फोन केला. "खडप्या म्हशीएवढा वाटतोय हो."

"पत्त्यावर याहून मोठा मावत नाही," हेमांगी म्हणाली.

"मग माणूस कमी करा."

म्हणून तिने तो कमी केला होता. जुन्यावर पांढरा रंग चढवला आणि जुन्याच्या कमरेएवढ्या उंचीचा नवा माणूस बसवला.

रणधीर तसाच शाळेत गेला. मुख्याध्यापकांनी त्याला शिट्टी वाजवू दिली, पण मुलं रांगेत उभी राहिली नाहीत. तो परत आला, बाहेरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसला. डावीकडे, वर, पंख्याच्या दिशेने पाहू लागला.

"तिकडे काय आहे?" हेमांगीने विचारलं.

"तूच काढलंयस. तुला माहीत," तो म्हणाला. "श्वास लागतोय मला त्याचा. मानेला."

चित्रात खडप्या त्याच्या डाव्या बाजूला होता.

सासूबाई तिच्याशी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मुलाचे शर्ट घेतले, बाह्या कापल्या, खालून दुमडले आणि टाके घालता घालता म्हणाल्या, "माझ्या पोटातून निघाला तेव्हासुद्धा नर्स म्हणाली होती, लांब आहे पोरगं. तू एका दिवसात आणलंस त्याला इथवर." सुई त्यांनी दातांत धरली आणि दुसरा शर्ट पुढे ओढला.

हेमांगीने तेंडोलकरांना फोन लावला.

"चित्र अजून छापू नका. तो माणूस मला मोठा करायचाय."

"उलट मी आत्ता तुम्हालाच फोन करणार होतो," तेंडोलकर म्हणाले. "अजून थोडा कमी होईल का?"

"तो माझा नवरा आहे."

"हो, ओळख लगेच पटते. साम्य छान साधलंय तुम्ही. पण अजून कमी हवा."

"मी करणार नाही."

"काही हरकत नाही. आम्ही इथेच केलाय. चित्र मंजूर आहे."

तिने फोन ठेवला आणि कपाटातून मूळ कागद काढला. त्यावरही माणूस कमी झाला होता. भोवतीचा पांढरा रंग तिच्या हाताने लावलेला नव्हता. तो फार सफाईने लावलेला होता. बाहेरच्या खोलीतून सासूबाईंची हाक आली. रणधीर आता पाण्याच्या तांब्याएवढा होता आणि तांब्याच्या आड लपून डावीकडे पाहत होता. भाल्यासारखी धरायला त्याला टूथपिक मिळाली होती.

"आण तो कागद," तो म्हणाला. आवाज अजून तेवढाच होता. त्या आवाजाने खिडकीची काच थरथरली. "माझ्यासमोर काढ. पूर्ण काढ. होतो तेवढा."

ती जमिनीवर बसली. त्याच्यासमोर तिने माणूस पुन्हा मोठा काढला, पहिल्या उंचीचा. पायाच्या नखांपर्यंत सगळं नीट रंगवलं. मग तिघंही रंग वाळायची वाट बघत बसले.

रणधीर वाढला नाही. कागदावरचा खडप्या वाढला. माणूस जितक्या पटीने मोठा झाला होता, तितक्याच पटीने तोही सरकत वर गेला. दगडी पाठ कागदाच्या वरच्या कडेपलीकडे गेली, दोन हात बाजूच्या कडेने कापले गेले आणि चेहऱ्याने अर्धा कागद व्यापला. दोघांमधलं मंजूर झालेलं माप हललं नव्हतं.

रणधीर तांब्यामागून पळाला आणि सासूबाईंच्या पदरात शिरला. "जवळ आलं," तो ओरडत होता. "आणखी जवळ आलं."

सासूबाईंनी पदर मुठीत धरला. "माणसाला हात लावू नकोस आता," त्या म्हणाल्या. "त्या जनावरालाच पुसून टाक. तेच नसेल तर माझ्या पोराला कोण लहान म्हणेल?"

हेमांगी कागदाकडे पाहत राहिली. खडप्याचे डोळे तिने फार मन लावून काढले होते. कुणाचे पाहून काढलेले नव्हते. ब्रश फिरता फिरता ते आले होते, ओलसर, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे. आजवर काढलेल्या सगळ्या प्राण्यांत एवढं जिवंत काही उतरलं नव्हतं. हा पत्ता लोकांच्या हातात पडेल तेव्हा ते क्षणभर फासे खाली ठेवतील, हे तिला ठाऊक होतं.

"बघ, बघ तिच्याकडे," पदरातून रणधीर म्हणाला. "जिवावर आलंय तिच्या. आई, तिला ते माझ्यापेक्षा आवडतंय."

तिने कागद जवळ ओढला. पांढऱ्या रंगाची बाटली उघडली आणि खालून सुरुवात केली. पाय गेले, कागदावर उरलेले दोन हात गेले, पाठीचा उरलेला एकेक दगड गेला. डोळे शेवटी राहिले. त्यांच्यावर रंग दोनदा द्यावा लागला. पहिल्या थरातून ते दिसत होते. शेवटी कागदावर एकटा भालावाला माणूस उरला आणि त्याच्या डाव्या बाजूला मोठी पांढरी जागा.

रणधीर पदरातून बाहेर आला. मान वळवून त्याने पंख्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. मग स्वतःच्या मानेवरून हात फिरवला.

"गेलं," तो म्हणाला.

सासूबाईंनी डोळे पुसले. घर इतकं शांत झालं की खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. आता हळूहळू वाढेल, सकाळपर्यंत नाही तर परवापर्यंत, असं हेमांगीला वाटलं. तिला एकदम थकवा आला आणि भूकही लागली. चहा टाकावा म्हणून ती उठली, तेवढ्यात फोन वाजला.

"नवं चित्र मिळालं," तेंडोलकर म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी होतं, आनंद म्हणता येईल असं. "आता खरी भीती वाटते."

"मी काही पाठवलेलं नाही."

"मिळालंय ना. माझ्या समोर आहे."

"त्यात खडप्या नाही. मी त्याला पुसलंय."

"नसेना का. हे आहे ते त्याहून उजवं आहे. आणि माप अगदी बरोबर बसलंय. डोळे तर विचारू नका. बाईचे वाटतात."

तिने फोन खाली केला. तो एवढासा फोन तिच्या मुठीत कुठेतरी हरवला होता. मूठ उघडून तिने तो बोटाच्या टोकाने टेबलावर सरकवला.

रणधीर आता डावीकडे पाहत नव्हता. तो तिच्याकडे पाहत होता. तसाच, मान पूर्ण मागे टाकून, तोंड उघडं ठेवून. दोन्ही हातांत टूथपिक धरून तो एकेक पाऊल मागे सरकत होता. सरकता सरकता तो फरशीवर पडला आणि पडल्या पडल्याच मागे रांगू लागला.

तो कपाटाखाली गेला तर हाती लागायचा नाही, म्हणून त्याला उचलायला ती वाकली. तिचा हात त्याच्या दिशेने गेला तसा खोलीतला उजेड कमी झाला.

"आई," तो किंचाळला. "आलं."

सासूबाई धावल्या. वाटेत पडलेला झाडू त्यांनी उचलला आणि मुलाच्या पुढे आडव्या उभ्या राहिल्या. झाडू हेमांगीवर उगारला. त्या जागेवरून हलल्या नाहीत. त्या तिच्या गुडघ्यापर्यंत येत होत्या.

"अहो, मी आहे," हेमांगी म्हणाली, आणि त्या आवाजाने स्वयंपाकघरातली सगळी भांडी खाली आली.