काजरवेळची सडक

काजरवेळच्या सडकेचा निकाल लागला तो लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत. गाव कोकणात, पण गावची सगळी अक्कल गिरणीत कामाला. देवळाला रंग काढायचा असो की कुणाला वाळीत टाकायचं असो, रविवारी ग्रामस्थ मंडळ बसायचं आणि बाबुराव म्हणतील तसं व्हायचं.

सडक तशी जुनी. बंदरावरचं मीठ घेऊन बैल घाटावर जात, ती पायवाट. पुढे साहेबाने डाकबंगल्यापर्यंत खडी टाकली आणि तिथेच त्याचा उत्साह संपला. आता सरकार ती घाटाला जोडून राज्यमार्ग करणार होतं. मूळ वाट नदीकाठाने, खालच्या वाडीच्या दारावरून जायची, आणि नेमकं तेच बाबुरावांच्या पोटात दुखत होतं. खालच्या वाडीने मागच्याच वर्षी बुद्धाचा धम्म स्वीकारून गावची मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं होतं. त्यांच्या दारात पहिली एस.टी. थांबणार? मंडळाने ठरवलं, सडक वरून, देवळापुढून न्यावी. जमीन फुकट देऊ, श्रमदानही करू. बाबुरावांनी देवाच्या नावाने नारळ ठेवला आणि एकेकाला त्यावर हात ठेवायला लावला. जो आड येईल तो वाळीत.

ओव्हरसियरने वरची बाजू मोजली. चढ मोठा, म्हणून देवळाआधी सडकेला भलंथोरलं वळण द्यावं लागलं आणि ते वळण बरोबर बाबुरावांच्या घरावरून गेलं. त्या घरात त्यांची आई आनंदीबाई एकटी राहत होती. आईवर बाबुरावांचा जीव होता, हे मात्र खरं.

मंडळातल्या काहींना आतून उकळ्या फुटत होत्या. पण म्हातारा दत्ताराम म्हणाला, "बाबुराव, आईचा प्रश्न आहे. देवाला गाऱ्हाणं घालून शपथ सोडवून घेऊ. खालून नेऊ सडक."

'न्या' हा शब्द बाबुरावांच्या ओठांवर आला होता. तेवढ्यात दारात लवू उभा राहिला. लवू खालच्या वाडीचा, नायगावला बीडीडी चाळीत राहणारा. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात लाठी बसून बाबुराव पडले, तेव्हा यानेच त्यांना खांद्यावर टाकून इस्पितळात नेलं होतं. 'मराठी माणूस सारा एक' असं दोघं घसा फोडून ओरडले होते. आज त्याला कुणी आत ये म्हटलं नाही.

"बाबुराव, आईचं कळलं, वाईट वाटलं," लवू म्हणाला. "खालूनच जाऊ द्या. जागा आमची घ्या. तुमचं घर वाचेल, आमच्या बायकांना अडल्या वेळी गाडी मिळेल."

बोलला सरळ, बोलला बरोबरीने, आणि तिथेच घात झाला. याच्या जागेवर आपलं घर वाचवायचं? उद्या गावभर सांगत फिरेल.

"सडक वरूनच जाणार," बाबुराव म्हणाले.

पावसाळ्याआधी घर पाडलं. आनंदीबाई बोचकं घेऊन लालबागला आली. खोलीत जागा कुठली, तिचं अंथरूण गॅलरीत नळाच्या वाटेवर पडलं. येणारेजाणारे तिला ओलांडून जात. ती मुलाशी बोलेना, धड जेवेना. बाबुराव तिच्या पायाशी बसून लहान पोरासारखे रडत.

एका संध्याकाळी तिने आपण होऊन तोंड उघडलं.

"खालच्यांच्या दारात गेलो काय रे रस्तो?"

"नाय गे आये."

"मगे बरा झाला," म्हातारी म्हणाली, आणि त्या दिवशी ताट मागून घेऊन पोटभर जेवली.