बांधावरचा गुरुवार

देवी कुणाशीही बोलत नाही. त्यासाठी सात पिढ्यांची पुण्याई लागते. रुक्मिणीबाईंशी ती बोलली त्या दुपारी त्यांनी कमरेची ओटी सोडून कापसाच्या ढिगावर रिकामी केली होती आणि शेजारच्या तासात, म्हणजे कापसाच्या ओळीत, वेचणाऱ्या गौसियाला विचारलं होतं,

"आज सांजच्याले काय करतं?"

"काय करनार? बेसन अन् भाकर. तू?"

"भाकर अन् बेसन."

गौसिया हसली नाही. हसायला कंबर सरळ करावी लागली असती.

बोंडअळी न लागणारं बीटी कापसाचं बियाणं गावात आलं त्याचं ते दुसरं वर्ष. डोणगावच्या दुकानदारानं सांगितलं होतं तसा कापूस खरंच फुटला, पण सगळीकडे एकदमच फुटला. वेचायला बाया मिळेनात, म्हणून घरच्याच बाया जुंपल्या गेल्या. उजाडल्यापासून वेचणी, अंधार पडला की चूल. मधे बसायची सोय नव्हती.

बियाण्याच्या डब्यात मोठ्या पाकिटासोबत साध्या सरकीची एक पुडी फुकट यायची. ती शेताच्या कडेनं लावा, असं आतल्या कागदावर छापलेलं असे. गावातल्या पुरुषांनी कागद वाचला नाही आणि पुडी फेकून दिली. रुक्मिणीबाईंनीही कागद वाचला नव्हता, पण बी फेकणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी ती निंबाजवळच्या बांधाला दोन ओळींत टोबून टाकली आणि विसरून गेल्या.

आता त्या तासातलं एक हिरवं बोंड त्यांनी फोडलं. आत अळी होती. गुबगुबीत, निवांत.

"पाह्य वो," त्या म्हणाल्या. "बसल्या जागी खाऊन राह्यली. ना वेचनं, ना रांधनं."

गौसियानं अळीकडे पाहिलं, मग निंबाकडे. निंबाखाली एक शेंदूर लावलेला दगड होता. कोणती देवी, ते कुणाला माहीत नव्हतं. पलीकडे पीरबाबाचा चौथरा, त्यावर उन्हानं विटलेली हिरवी चादर.

"भगवंतभाऊले दाखव हे," गौसिया म्हणाली. "म्हन, देवी कोपली."

"काऊन कोपली?"

"ते तू पाह्य. तुयी देवी हाय." थोडं थांबून तिनं भर घातली, "पन गुरुवार ठेवजो. मले जुम्मेरातीचंच निंघता येते."

रात्री त्यांचे यजमान भगवंतराव जेवायला बसले तेव्हा रुक्मिणीबाईंनी ते बोंड त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं.

"सपनात आली होती."

"कोन?"

"निंबाखालची. म्हने, अळी मी बांधावर धरून ठेवतो. पन दर गुरुवारी सांजच्याले गावातल्या मायांनी माह्यापाशी येऊन बसाचं. दिवा इझेपर्यंत उठाचं नाही. अन् त्या सांजी मायनं चुलीले हात लावाचा नाही."

भगवंतरावांचा बीटीवर विश्वास होता. त्यांनी बियाण्याला चांगले पैसे मोजले होते. पण समोर अळी होती, आणि ती हलत होती.

"चुलीले हात लावला त?"

"त अळी आत येते."

"मंग सयपाक कोन करन?"

"ते नाही सांगतलं तिनं."

भगवंतरावांनी बराच वेळ घास चावला. तिकडे गौसियानं नवऱ्याला, कय्यूमला, पीरबाबाची मन्नत मानल्याचं सांगितलं. कय्यूम मोजकं बोलणारा माणूस. मन्नत है तो है, म्हणाला, आणि भाताला पाणी किती घालतात ते विचारून ठेवलं.

पहिल्या गुरुवारी पाच-सहा जणी जमल्या. कोपलेल्या देवीची बातमी विहिरीवर गेली होती आणि विहिरीवर गेलेली बातमी परत आणता येत नाही. दिवा लागला. मुरमुरे आले, कुणी तेलकट कागदात भजी आणली. आणि मग सगळ्या नुसत्या बसल्या. काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हात मांडीवर ठेवून बसायची सवय नसल्यानं ते हात दुसऱ्या कुणाचे असावेत तसे दिसत होते. भिमाबाई सगळ्यांत वडील. तिनं हळूच पदराआडून अंबाडीची जुडी काढली आणि निसायला घेतली.

"ठेवा ते, मावशी," गौसिया म्हणाली.

"आवो, नुसतं किती बसावं?"

"मन्नत हाय. ठेवा."

अंबाडी बाजूला पडली. भिमाबाईनं कापसाच्या गाठोड्याला पाठ टेकली, "माय वो" म्हणाली, आणि घोरायला लागली. पाठोपाठ दुसरी. कापूस दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होता आणि त्याला एक कोरडा, धुवट वास होता. आभाळात चांदण्या एकेक करून येत होत्या. कुणीही त्यांच्याकडे पाहत नव्हतं. गावातून धूर निघत होता, पण नेहमीसारखा सरळ नाही; काळा, भडाभडा, चूल पेटवता न येणाऱ्यांचा.

"वहिनी," गौसिया झोपाळू आवाजात म्हणाली, "देवी खरंच आली असती त काय म्हनली असती वो?"

"नीज म्हनली असती."

आणि देवीची आज्ञा दोघींनी तत्काळ पाळली.

त्या हंगामातले ते गुरुवार. पुढे रुक्मिणीबाई लेकाच्या लग्नात मिरवल्या, तीर्थयात्रेला गेल्या, त्यांना मोत्यांच्या कुड्या झाल्या. पण 'चांगले दिवस' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे ती गाठोडीच येत. घरी भगवंतरावांनी खिचडी केली, ती वाढायला उलथनं घ्यावं लागलं. लहानग्या अविनाशला ती इतकी आवडली की तो बुधवारपासूनच आईला विचारू लागला, उद्या देवीले जानं हाय ना? दिवा पहिल्यांदा पणती होता, मग बायांनी वाटी आणली. एकदा भगवंतराव स्वतःच तेलाची बाटली घेऊन पुढे आले.

"भरून लाव," ते म्हणाले. "देवीच्या कामात हात आखडाचा नाही."

रुक्मिणीबाईंनी भरून लावला. त्या सांजेला घोरण्याचा आवाज चौथऱ्यापर्यंत जात होता.

आणि देवीनं शब्द पाळला. बांधाच्या दोन तासांत बोंड फोडावं त्यात अळी. एक ओळ आत गेलं की बोंडं पांढरी, भरलेली, स्वच्छ. बांधावर साधी सरकी आहे हे भगवंतरावांना माहीत नव्हतं आणि रुक्मिणीबाईंच्या लक्षात नव्हतं. भगवंतराव लोकांना आणून दाखवू लागले. इथपर्यंत अळी, इथून पुढे नाही. माणसं चपला काढून बोंडं फोडू लागली.

शालिग्राम आला तो संक्रांत झाल्यावर. तो भजनी मंडळाचा अध्यक्ष होता आणि गावातली कुठलीही गोष्ट अध्यक्षाविना चाललेली त्याला सोसत नसे. भगवंतरावांच्या ओसरीवर माणसं बसली. रुक्मिणीबाई चहाचे कप घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"एवढी जागृत देवी," शालिग्राम म्हणाला, "अन् आपन तिले बायकाइच्या भरोशावर उघड्यावर टाकून राह्यलो. काय म्हनतीन लोकं? आता बांधावर पत्र्याचं शेड टाकू. भोंगा लावू. दर गुरुवारी भजन, अन् मंग महाप्रसाद. साऱ्या गावाले."

"तिले मानसं चालत नाहीत," रुक्मिणीबाई दारातून म्हणाल्या.

शालिग्रामनं मान वर केली.

"सपनात सांगतलं तिनं मले," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला होता तेवढा ठाम निघाला नाही. "परवाच. म्हने, फकस्त माया."

शालिग्रामनं दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटले.

"वहिनी, तुमच्या सपनात परवा आली. माह्या सपनात काल आली. म्हने, शालिग्राम, आता मंडपाचं पाह्य."

शालिग्राम खोटं बोलत होता. त्या ओसरीवर ते खात्रीनं सांगू शकणारं एकच माणूस होतं, आणि ती खात्री कुठून आली हे ते माणूस कुणालाही सांगू शकत नव्हतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. भगवंतरावांचे डोळे भरून आले होते.

"महाप्रसादाचं काय म्हने?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"पुऱ्या म्हने."

"अन् भाजी?"

"वांग्याची."

"बरं," रुक्मिणीबाई म्हणाल्या, आणि कप पुढे केले.

शेडसाठी बांधाकडचे ते दोन तास उपटून टाकले. पुढच्या गुरुवारपासून मायांनी दुपारी लवकर वेचणी आटोपून पुऱ्या लाटायच्या, असं ठरलं. चुलीचा नियम मंडळानं घरच्या चुलीपुरता ठेवला. भट्टीला तो लागत नव्हता. गौसिया एकदा चौथऱ्यावर येऊन बसली. भोंग्यात झोप लागेना, तेव्हा उठून वांगी चिरायला बसली.

वर्षं गेली. भिमाबाई गेली. भगवंतरावही गेले, शेवटच्या आजारपणात त्यांना खिचडीच लागायची, आणि ती रुक्मिणीबाई करत. शेडला फरशी बसली. अविनाश शेती पाहू लागला, प्रतीक्षा सून होऊन आली, तिला दोन लेकरं झाली. आणि मग एका हंगामात गुलाबी अळी आली. बांध-बिंध काही न बघता ती सगळ्या शिवारात शिरली. बीटी असून आली, देवी असून आली. लोकांनी कापसाची उभी पऱ्हाटी उपटली आणि सोयाबीनचं बोलू लागले.

शालिग्राम आता काठी टेकत चाले. पुढच्या पावसाळ्यात, शिवारात सोयाबीन उभं राहिल्यावर, त्यानं भजनानंतर भोंग्यातून सांगितलं की देवीनं त्याला पुन्हा दर्शन दिलं. ती नाराज होती. म्हणाली, पहिले माया येऊन बसत, दिवा इझेपर्यंत उठत नसत, चुलीले हात लावत नसत. ते तुमी बंद पाडलं. महाप्रसाद, गर्दी, काहीच नाही पाह्यजे मले. फकस्त माया.

रुक्मिणीबाई अंगणात तुरीची डाळ पाखडत होत्या. भोंग्यातून स्वतःचं बोलणं ऐकताना त्यांचं सूप हवेतच राहिलं.

गुरुवारी प्रतीक्षा तयार होईना.

"आई, मले नाही जमत. दोघाइचा अभ्यास राह्यला, भांडे पडेल हायेत, कपडे भिजत टाकले. देवीले सांगा, दिवाळीनंतर येतो."

"चाल."

"अन् सयपाक?"

"अविनाश हाय ना."

प्रतीक्षानं सासूकडे असं पाहिलं की जणू त्या एखाद्या परगावच्या माणसाचं नाव घेत होत्या.

शेडमध्ये बायका बसल्या होत्या, जमिनीवर, भिंतीला टेकून, संकोचून. गौसिया सुनेला, हीनाला, घेऊन आली होती. गुडघे धरून ती रुक्मिणीबाईंशेजारी बसली आणि कानाशी लागली.

"वहिनी, शालिग्रामभाऊच्या सपनात यावक्ती देवी खरीच आली वाटते."

रुक्मिणीबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. बाजूच्या बायांना वाटलं, देवीसमोर बाईला भरून आलं.

दिवा लागला. प्रतीक्षा थोडा वेळ सांगत राहिली की भिजवलेल्या कपड्यांत मोठ्याचा गणवेश आहे आणि त्याचा रंग जातो, आणि सकाळी लवकर उठून तो आधी... वाक्य तिथंच राहिलं. मान सासूच्या मांडीवर आली. समोर हीना केव्हाच कलंडली होती. एकेक करून सगळ्या. गौसियाचं घोरणं तेवढं ओळखीचं होतं.

प्रतीक्षाच्या हातातला फोन थरथरला. रुक्मिणीबाईंनी तो हळूच सोडवून घेतला.

"अवं, वरनाले शिट्या किती करू?" अविनाश विचारत होता. मागे लेकरं ओरडत होती.

"तीन," त्या कुजबुजल्या.

"आई? तू? प्रतीक्षाले दे ना."

"ते सेवेत हाय," त्या म्हणाल्या आणि फोन पालथा ठेवला.

मग मांडी न हलवता त्यांनी भिंतीला पाठ टेकली, हात सैल सोडले आणि डोळे मिटले. बाहेरून सोयाबीनचा हिरवट वास येत होता. खूप वेळ त्या तशाच बसून राहिल्या.

झोप आली नाही. अलीकडे ती येतच नसे. मेहकरच्या डॉक्टरांनी त्यासाठी गोळी दिली होती, ती घरी राहिली होती.