वरच्या खोलीतला वाचक

जावयाला या शोधातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवू. एक खोली, तिला एक दार, दाराला आतून कडी. बस. पण लग्नापासून सासुरवाडीत राहून जेवणाच्या टेबलावर कंपनीची कामं करणाऱ्या, एका हाताशी निवडलेली भाजी आणि दुसऱ्या हाताशी मुलीचे ओले रंग सांभाळणाऱ्या माणसाला विचारावं, कडी म्हणजे काय ते. शिवाय खोली सासऱ्यांनी दिली असं ठरलं, तर ती मेहरबानी न राहता हक्क झाला असता आणि समोर राहणाऱ्या मेहुण्याचं तोंड परस्पर बंद झालं असतं.

मेहुण्याला सगळे दादा म्हणत. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि टोमणासुद्धा तो नंबर काढूनच द्यायचा. "आमचे भावोजी पाहुणे म्हणून आले," तो चारचौघांत सांगायचा, "बॅग ठेवायला जागा बरी मिळाली, मग राहिले." जावई हसायचा. घरजावयाला हसण्यावाचून पर्याय नसतो. पोट भरतं, मान तेवढा उपाशी राहतो.

खोली घराच्या वर होती, बाहेरच्या लोखंडी जिन्याने जायचं. सासरे वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झाले, तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की तिथे खिडकीशी खुर्ची ओढून बसायचे आणि जगभर पांगलेल्या भाऊबंदांना लांबलचक मेल लिहायचे. ते गेले आणि खोलीला कुलूप लागलं. दादाला तिथे भाडेकरू ठेवायचा होता. जावयाचं म्हणणं, सासरे एकदा जिना उतरताना आपल्याला म्हणाले होते, "वरच्या खोलीचं मी लिहून टाकलंय." कोणाला लिहिलं, काय लिहिलं, ते विचारायचं राहून गेलं.

सासूबाईंनी निवाडा दिला. यांनी लिहिलेलं सापडलं, तर त्यात असेल तसं. नाही सापडलं, तर दादा म्हणेल तसं. आणि नवऱ्याच्या मेलचा पासवर्ड त्यांनी जावयाच्या कानात सांगितला, दादाला ऐकू जाणार नाही असा.

साधा शोध उपयोगाचा नव्हता. सासरे मराठी लिहायचे ते इंग्रजी अक्षरांत, आणि 'वरची खोली' हे दोन शब्द त्यांनी दोनदा एकसारखे लिहिले असतील तर शपथ. जन्मभर दुसऱ्यांच्या तागड्या तपासल्या, पण स्वतःच्या लिहिण्याला माप लावलं नाही. मग जावयाने आपलं हत्यार काढलं. मेलचा डबा उघडून एकेका पत्रातला मजकूर बाहेर काढणारी लायब्ररी, म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला आयता कोड, मिळते. ती घेऊन त्याने प्रोग्राम लिहिला आणि त्याला एक नमुना दिला, म्हणजे हे दोन शब्द कसेही वेडेवाकडे लिहिले असले तरी ओळखू येतील असा साचा. बायकोने हे कौतुकाने भावाला सांगितलं. दादा म्हणाला, "बरोबर आहे. नमुना शोधायला नमुनाच हवा." बायको हसली, ते जावयाला जास्त लागलं.

प्रोग्राम आधी त्याने स्वतःच्या मेलवर चालवून पाहिला. ठीक चालला. त्याच्या डब्यातली झाडून सगळी पत्रं आधीच वाचलेली होती, त्यामुळे जे लक्षात यायला हवं होतं ते आलं नाही. रविवारी दुपारी, सगळे पंख्याखाली आडवे झालेले असताना, त्याने तो सासऱ्यांच्या डब्यावर सोडला.

पडद्यावर यादी सरकू लागली. वरच्या खोलीचं छत गळतं. वरच्या खोलीत कबुतरं शिरली. वरच्या खोलीचा सुतार पैसे घेऊन पळाला. आणि मग धाकट्या भावाला लिहिलेलं एक: 'मी गेल्यावर वरची खोली जावयाला द्यायची आहे. माणसाला लावून घ्यायला एक दार लागतं.'

जावयाने ते पत्र लगेच छापून घेतलं. इथेच थांबला असता तर भागलं असतं. पण यादी संपली नव्हती. सासरे ज्या दिवशी गेले त्याच्या पुढेही तारखा चालूच होत्या, पत्रं येतच होती, आणि प्रत्येकात वरची खोली. मग त्याने पाठवणाऱ्याचं नाव पाहिलं. सासूबाई.

दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे त्याला कळत होतं. कळत असतानाच त्याने सगळी वाचली. एकात होतं: 'वरच्या खोलीत दुपारी खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. उंदीर असेल. तुम्ही असाल तर पाय वर घेऊन बसा, फरशी गार असते.'

सोमवारी सकाळी सासऱ्यांच्या त्या मेलची छापील प्रत घेऊन तो टेबलाशी आला, तर सासूबाई टॅबलेट मांडीवर घेऊन बसलेल्या. त्यावर नवऱ्याचा डबा उघडा. न वाचलेलं पत्र ठळक अक्षरांत दिसतं. आपली ठळक पत्रं त्या रोज सकाळी नुसती पाहायच्या, जसं झाकलेलं ताट पाहावं. आज एकही ठळक नव्हतं.

"यांनी वाचलं," त्या म्हणाल्या. "सगळं. संसारात माझं एक वाक्य पुरतं ऐकून घेतलं नाही, आणि आता बसून सगळं वाचलं."

घोळ जावयाच्या आता लक्षात आला. मजकूर काढायचा म्हणजे लायब्ररी पत्र उघडते, आणि उघडलेलं पत्र मेल साठवणाऱ्या तिकडच्या यंत्राच्या लेखी वाचलेलं. नुसतं डोकावून पाहण्याची वेगळी आज्ञा असते, ती त्याने दिलीच नव्हती. त्याने हातातला कागद पुढे केला. सासूबाईंनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"मी गेल्यावर, असं लिहिलंय. गेलेत कुठे?"

आणि त्यांनी कुलपाची किल्ली कमरेला खोचली.

दादा मूर्ख नव्हता. संध्याकाळी जिन्याशी गाठून त्याने विचारलं, आईची पत्रं वाचली गेली, हे तुमच्या यंत्राचं काम ना? जावयाने मान हलवली. "मग सांगून टाका आणि खोली घ्या," दादा म्हणाला. "कागद आहे तुमच्याकडे, मी आडवा येत नाही. फक्त माझ्या आईला सांगायचं, तुझा नवरा आला नव्हता, मीच होतो. जमतंय का बघा." त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

जावई वर गेला. सासूबाईंनी खोली झाडून घेतली होती, आणि खुर्चीखाली त्या सतरंजी अंथरत होत्या. फरशी गार असते म्हणून. तो तसाच खाली आला.

खोटं एकदा पाळलं की त्याला चारा घालावा लागतो. सासूबाईंची नवी पत्रं ठळकच राहू लागली, तसं त्यांचं जेवण तुटलं. रुसलेत वाटतं, म्हणायच्या. तेव्हा जावयाने प्रोग्राम पुन्हा काढला आणि रोज सकाळी सहाला त्यांची पत्रं उघडली जातील असं लावून दिलं. सासूबाईंना भूक लागायला लागली. घरात सगळं सुरळीत झालं, एवढंच की उन्हाळा सरेपर्यंत जावई मेलेल्या माणसाच्या नावाने पत्रं वाचत राहिला.

मग एका दुपारी, समोर भेंडी चिरता चिरता, त्या सहज म्हणाल्या, "सकाळी वाचतात ते तुम्ही ना?"

जावयाने कीबोर्डवरचे हात उचलले.

"अहो, सहाच्या ठोक्याला वाचायला हे काय पंचांग आहेत? इतकं वेळेवर यांनी जन्मात काही केलं नाही. मला पहिल्याच आठवड्यात कळलं."

"आई, मग बोलला का नाहीत?"

"वाचणारा कोणी तरी होता. कशाला बोलू?" त्यांनी देठ बाजूला सारले. "पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत, तर रडले असते आणि किल्ली दिली असती. तेव्हा वर कोणी नव्हतं."

"आणि आता?"

"माणसाच्या नावाचं कोणी रोज वाचत राहिलं, की माणूस परत येतो. मी हल्ली जेवण झाल्यावर लिहिते. लिहिलं की घटकाभरात वाचलं जातं. तेव्हा तुम्ही माझ्यासमोर बसून तुमच्या साहेबाशी बोलत असता."

जावयाने प्रोग्रामची नोंद काढून पाहिली. रोज सकाळी सहा, मध्ये काही नाही. दादाला विचारलं, तो म्हणाला, "पासवर्ड मला ठाऊक असता तर तुमचा नमुना कशाला लागला असता?" बायकोला तो माहीतच नव्हता. मग त्याने सकाळचं उघडणं बंद केलं, आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर टॅबलेट स्वतः मांडीवर घेऊन बसला. सासूबाई फोनवरून लिहीत होत्या. पत्र आलं. ठळक. वर खुर्ची सरकली. सतरंजीवरून सरकावी तशी, हलकेच. तो पाहत असताना ठळक अक्षरं साधी झाली.

"बघा," सासूबाई म्हणाल्या, आणि ताटं उचलायला उठल्या.

तर शेवटची बेरीज. दादाचं भाडं बुडालं, पण त्याचा जीव त्यात फारसा नव्हता. सासूबाईंचं काही गेलं नाही. त्यांना हवा होता तो मिळाला, आणि पूर्वीपेक्षा बरा ऐकणारा. सासऱ्यांना त्यांची खोली मिळाली. जावई अजून जेवणाच्या टेबलावरच काम करतो. दुपारच्या मीटिंगमध्ये कोणी विचारलं की वर आवाज कसला, तर तो सांगतो, सासरे राहतात वर. खोलीचा कागद त्याच्याकडे आहे, जपून ठेवलेला. सगळ्यांचं मिळून जे काही भरायचं होतं, ते त्याने एकट्याने भरलं.