मास्तरांच्या छातीतली कवायत

कवायतीच्या मास्तरांचं काळीज ऐन म्हातारपणी पाऊल चुकायला लागलं. मनगट धरून ते "एक-दोन, एक-दोन" म्हणत बसायचे, आणि नाडी मेली एकावरून थेट चारावर! "बेशिस्त कुठलं!" मास्तर स्वतःच्याच छातीवर खेकसायचे.

डॉक्टरीणबाईंनी ईसीजी पाहिला. "हृदयाचे वरचे दोन कप्पे नुसते थरथरताहेत. तिथली गुठळी डोक्यात गेली तर अर्धांगवायू. म्हणून तर गेला महिनाभर रक्त पातळ व्हायची गोळी दिली. आता विजेचा एक झटका देऊन ठोके ताळ्यावर आणू."

मास्तर ताडकन उठले. "उभ्या हयातीत एका पोराला चापट मारली नाही मी. स्वतःच्या काळजाला मारून शिस्त लावू? जमणार नाही!"

मास्तरीणबाईंना रडू फुटलं. "अहो, तुम्ही अंथरुणाला खिळलात तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?" मग डोळे पुसून म्हणाल्या, "पोरं पाऊल चुकली की तुम्ही काय करायचात? शिट्टी! सगळी जागच्या जागी थांबायची आणि पहिल्यापासून सुरू. झटका म्हणजे तेच ना?"

"अगदी तेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मास्तर विरघळले, पण अट घातली: झटक्याआधी शिट्टी वाजलीच पाहिजे. आता भूल दिलेला माणूस शिट्टी कशी फुंकणार? आली का पंचाईत! शेवटी त्यांनी गळ्यातली शिट्टी बायकोच्या हाती दिली. लग्न झाल्यापासून त्या शिट्टीला तिला हात लावू दिला नव्हता या गृहस्थाने.

मास्तर झोपले. मास्तरीणबाईंनी जिवाच्या आकांताने शिट्टी फुंकली. भूल देणारा डॉक्टर ताठ उभा. सिस्टरच्या हातातला ट्रे अधांतरी. बाहेर लिफ्ट थांबली, पायाला प्लॅस्टर घातलेला पेशंटसुद्धा सावधान! पडद्यावरची रेघ क्षणभर सपाट झाली आणि मग शहाण्यासारखी तालात चालू लागली. डॉक्टरीणबाईंचं बोट अजून बटणाला लागलंही नव्हतं.

"ऐकलं ना माझ्या शिट्टीचं?" शुद्धीवर येताच मास्तरांनी मिशीला पीळ दिला.

"गोळी चालूच ठेवायची," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "ते पुन्हा बिघडू शकतं."

आणि बिघडलंच. घराचा जिना चढताना छातीत पुन्हा धडधड सुरू झाली. मास्तरांनी शिट्टी फुंकली. शेजाऱ्यांचा कुत्रा मुकाट खाली बसला, काळीज मात्र ढिम्म. पुन्हा फुंकली. छे! मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी शिट्टी काढून बायकोच्या गळ्यात घातली.

"तूच फुंक. तुझंच ऐकतं ते."

"आधी गोळी," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मास्तर सावधानमध्ये उभे राहिले आणि त्यांनी आ केला.