एकेचाळीस हत्यारं
माणसाला नाद असावा. मुरुमच्या पेठेत कुणाला कबुतरांचा होता, कुणाला तमाशाचा. आडतदार विरुपाक्षआप्पांना वस्तऱ्यांचा होता. हातानं घडवलेले, जोड न सापडणारे वस्तरे. निर्मळच्या पोलादाचे, शिंगाच्या मुठीचे, एकाच्या पात्यावर तर फारशीत नाव कोरलेलं. हा सगळा ऐवज मखमलीच्या पेटीत निजलेला असे. त्यातल्या एकालाही आप्पांनी कधी गाल दाखवला नव्हता. आल्यागेल्यापुढं पेटी उघडून म्हणायचे, "चाळीस हत्यारं हायत. हैदराबादेत बी न्हाय असं." पाहुणा चहाच्या आशेनं मान डोलवायचा.

आमच्याकडं कारागिराच्या अवजाराला हत्यारच म्हणतात. सुताराची पटाशी हत्यार, चांभाराची रापी हत्यार. आप्पांच्या हाताला कधी कसलं काम लागलं नव्हतं, पण शब्द भारदस्त होता.

त्यांचा डोळा होता धोंडीबा न्हाव्याच्या वस्तऱ्यावर. धोंडीबाच्या आज्यानं तो एका घिसाड्याकडून मोडक्या तलवारीच्या पात्यातून घडवून घेतला होता, आणि त्याच्यावरच धोंडीबाचं घर चालायचं. तो काही विकेना. मग खंडेनवमीला आप्पा प्रेमानं म्हणाले, "आण तुझं हत्यार. माझ्या हत्यारांसंगं पुजू."

भोळ्या धोंडीबानं आणलं. दसऱ्याला परत न्यायला गेला, तर आप्पांनी नवंच शास्त्र काढलं: परक्या घरी पुजलेलं हत्यार उचललं की दोन्ही घरांना दोष लागतो. कुठल्या पोथीत, हे विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. बदल्यात सोलापूरचा एक बाजारी वस्तरा दिला. त्याचा पहिला मान माझ्या हनुवटीला मिळाला. महिन्याभरात निम्मी आळी दुसऱ्या न्हाव्याकडं गेली. धोंडीबा दारात बसून तो पत्रा दगडावर घासत राही, आणि मला त्याच्याकडं बघवत नसे.

त्या साली निजामाच्या राज्यात वारं बिघडलं होतं. दवंडी पिटली: ज्याच्याकडं हत्यार असेल त्यानं ते चावडीवर जमा करावं. आप्पांनी ती ऐकली आणि बंदूकवाल्यांची कीव केली. चौथ्या दिवशी पोलिसांचे अमीनसाहेब दोन जवान घेऊन त्यांच्याच दारात उभे. या घरात एकेचाळीस हत्यारं असल्याची वर्दी होती. ती कुणी दिली, हे शोधायची गरज नाही. आप्पा स्वतःच गावभर देत होते.

पेटी उघडली आणि साहेबांचं तोंड पडलं. पण वर्दीच्या कागदावर एकेचाळीस लिहिलेलं, रिकाम्या हातानं जाणार कसे?

"हज्जाम के पास हो तो औजार," साहेब म्हणाले. "साहूकार के पास इकतालीस हों तो हथियार. किसके हैं?"

आप्पांच्या कपाळावरच्या भस्माला घाम फुटला. "माझे न्हायत, सायेब. आमच्या धोंडीबाचे. ठिवायला दिलते."

धोंडीबाला बोलावून आणलं. त्यानं पेटीत पाहिलं. आज्याचा वस्तरा मधोमध ठेवलेला. 'एकच माझा' एवढं खरं बोलला असता, तर आप्पा कोठडीत आणि वस्तरा सरकारजमा.

"व्हय," तो म्हणाला. "समदे माझेच."

हज्जामाचे म्हणून सगळे वस्तरे औजार ठरले, पेटी धोंडीबाच्या हवाली झाली, आणि तसा पंचनामा उर्दूत झाला. या वस्तऱ्यांशी आपला काही संबंध नाही, यावर आप्पांनी सही ठोकली. मी पंच होतो. इतक्या आनंदानं मी आजवर कशावरच सही केलेली नाही.

संध्याकाळी आप्पा धोंडीबाच्या दारात. "पेटी दे."

"देतो की. पर अमीनसायबाला इचारून. कागद तेंच्यापशी हाय."

आप्पा आल्या वाटेनं गेले. चाळीस वस्तऱ्यांना धार लावून धोंडीबानं ते येरमाळ्यापर्यंतच्या सोयऱ्यांत वाटून टाकले. आप्पांनी रागानं पंधरा दिवस दाढी वाढवली. शेवटी पुतण्याचं लग्न आलं, लग्नात मान घरच्या न्हाव्याचा, म्हणून झक मारत धोंडीबापुढं बसावं लागलं.

धोंडीबानं गाल भिजवले आणि आज्याचा वस्तरा चालवला. आप्पा डोळे मिटून होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "सुरू कर की."

"झाली, आप्पा."

आप्पांनी गालावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. "कळलं बी न्हाय," ते हळूच म्हणाले.

धोंडीबा वस्तरा पुसत होता. "चार म्हैने तुमच्यापशी हुता," तो म्हणाला. "कळाया गालाला लावावा लागतो."