लाल मका मरावा म्हणून

झिबुयिलेने तणनाशकाचा पंप पाठीवर चढवला. समोर भिंतीलगत, उन्हात, रंगाचे रिकामे डबे मांडले होते. एकेका डब्यात आईच्या मक्याच्या एकेका कणसाच्या दाण्यांची थोडी थोडी रोपं, बोटभर उंच, हिरवीगार.

"आपणच वाढवायची आणि आपणच मारायची," उंबऱ्यावरून थेंजिवेमावशी म्हणाली. "ताई असती तर तुला पंपासकट बाहेर काढलं असतं."

"मरावीत म्हणूनच तर मारतेय, मावशी."

आई गेली ती पेरणीच्या तोंडावर. चुलीवरच्या धुरात तिची लाल कणसं टांगलेली होती. हे बी तिला तिच्या आईकडून आलेलं. डर्बनहून मातीला आलेली झिबुयिले पेरणीसाठी मागे राहिली. रीतीप्रमाणे शेजारपाजार मदतीला जमला, घरच्या बिअरची मडकी फिरली आणि एका दिवसात आईचं आणि शेजारचं, अशी दोन्ही शेतं पेरून झाली. आईचं बी आणि शेजारचा, कंपनीच्या विकतच्या बियाण्याचा मका, एकाच दिवशी. आई मात्र आपलं बी नेहमी मागाहून, एकटीच पेरायची. गुडघे दुखतात म्हणून उशीर होतो, असं सगळ्यांना वाटे. पण दोन्ही शेतांना तुरे एकदम आले आणि वारा सुटला, तेव्हा शेजारच्या तुऱ्यांचे पराग आईच्या मक्यावर उडताना दिसले आणि आई मागाहून का पेरायची ते झिबुयिलेला कळलं.

दाणे लालच भरले. रंगावरून काही कळेना. पण कंपनीचा मका तणनाशकाने मरत नाही. तो आईच्या मक्यात मिसळला असेल, तर काही रोपं तगणार होती.

पंपाचा मालक, शेजारचा न्यांबोसे, कुंपणाला टेकून उभा होता.

"मिसळला तर बिघडलं काय, पोरी? किडा तरी लागणार नाही. पूर्वी अर्धं पीक खोडकिडा खायचा. आता माझी थोरली कॉलेजात शिकते, ती ह्याच मक्यावर."

"आणि माठाची भाजी?" मावशी म्हणाली. "तणाबरोबर माठ गेला, भोपळ्याचे वेल गेले. तुझी बायको आता पाला दुकानातून आणते, पिशवीत घालून."

"निंदायला वाकत तर नाही."

"वाकत नाही, म्हणून आमच्याकडे फिरकतही नाही. निंदणीला बाया जमायच्या तेव्हा गावभराचं कळायचं. आता कोण मेलं ते मला रेडिओ सांगतो."

न्यांबोसे हसला.

"बिघडणार काहीच नाही, बाबा," झिबुयिले म्हणाली. "फक्त ते बी आईचं राहणार नाही."

आणि तिने फवारा सोडला.

दुसऱ्या दिवशी रोपं ताठ. तिसऱ्या दिवशीही. झिबुयिले उठल्या उठल्या डब्यांपाशी जाई, पानं बोटांत धरून बघे.

"खुशाल आहेत सगळी," मावशी म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता. "पंपात नुसतं पाणी तर नव्हतं ना?"

मग एका सकाळी झिबुयिले धावतच घरात आली.

"मेली, मावशी. मेली."

मावशी अंथरुणात दचकून उठली. "कोण गं?"

"रोपं."

दोघी अनवाणीच बाहेर पडल्या. डब्याडब्यांत पानं पिवळी पडून माना टाकत होती. मावशीने प्रत्येक डब्याशी वाकून, खात्री करून घेतली. फक्त न्यांबोसेच्या बांधाकडच्या कणसाच्या डब्यात एक रोप ताठ उभं होतं, हिरवं.

"ते माझं," कुंपणापलीकडून न्यांबोसे म्हणाला. "आणा इकडे. बघा कसं दणकट आहे." त्याने डबा काखोटीला मारला आणि खुशीत चालता झाला.

त्या कणसाचे उरलेले दाणे दुपारी शिजायला पडले. बाकीची कणसं झिबुयिलेने स्टुलावर चढून चुलीवर, होती तिथेच टांगली. मावशीने मुद्दाम ओली लाकडं सारली. धूर वर चढला.

"मग ही पेरायची कधी?"

"सगळ्यांची झाल्यावर. महिनाभराने. एकटीच पेरीन."

"लोक म्हणतील, पोरीचेही गुडघे गेले."

"म्हणू देत," झिबुयिले म्हणाली आणि तिला हसू आवरेना.