‘ध्वनिदीप’चं शुद्धिपत्र

विष्णुपंत सेलूकर आमच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि मी, रंगनाथ, त्यांच्या हाताखाली टायपिस्ट. खेडोपाडी ट्रान्झिस्टर पोचला तसे लोकांनी व्हॉल्व्हचे जुने, पेटीएवढे रेडिओ अडगळीत टाकले, आणि विष्णुपंतांनी ते उचलून आणायला सुरुवात केली. परभणीतल्या त्यांच्या तीन खोल्यांत सतरा रेडिओ होते. त्यांतले चार बोलायचे. उरलेल्या तेरांबद्दल विष्णुपंत म्हणायचे की ते विश्रांती घ्यायलेत. त्यांच्या पत्नी सुमंगलाबाई ज्वारीचं पोतं पलंगाखाली ठेवायच्या, कारण कोठीची खोली विश्रांती घेणाऱ्यांना दिलेली होती.

एकोणऐंशीच्या दसऱ्याला विष्णुपंतांनी जुन्या रेडिओंच्या शौकिनांसाठी ‘ध्वनिदीप’ नावाचं मासिक काढलं. मासिक म्हणजे सायक्लोस्टाइल केलेली आठ पानं. स्टेन्सिल मी टाइप करायचो, मशीनचा दांडा विष्णुपंत फिरवायचे, आणि घड्या घालणं, पत्ते लिहिणं, तिकिटं चिकटवणं ही कामं सुमंगलाबाईंकडे होती. संपादक मंडळात त्यांचं नाव नव्हतं. वर्गणीदार साठ-पासष्ट. तरी नावाखाली ‘अखिल भारतीय’ असं लिहिलेलं असायचं, कारण एक वर्गणीदार भोपाळला होता. तो विष्णुपंतांचा मावसभाऊ.

पहिल्या पानावर दर महिन्याला एक चौकट असायची: ‘या मासिकात राजकारण व जातकारण यांस स्थान नाही.’ विष्णुपंतांना या वाक्याचा लय अभिमान होता. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळा मराठवाडा पेटलेला होता. मोर्चे निघायचे, बंद व्हायचे, एसटी थांबायची, आणि ‘ध्वनिदीप’चे गठ्ठे पोस्टात पडून राहायचे. मग पुढच्या अंकात छापायचो, ‘अपरिहार्य कारणामुळे अंकास विलंब झाला.’ पाच वर्षांत अपरिहार्य कारण नऊदा आलं. ते कारण कोणतं, हे आम्ही एकदाही लिहिलं नाही. त्याच काळात जुन्या पेटीला पॉलिश करावं की नाही, या प्रश्नावर मात्र आम्ही ओळीनं सात अंक भांडलो.

पॉलिशच्या बाजूनं भांडणारे सोनपेठ भागातले आबासाहेब. मोठे जमीनदार, आणि मासिकाचे आश्रयदाते. निम्मे वर्गणीदार त्यांनीच मिळवून दिलेले. त्यांतले बहुतेक त्यांचे सोयरेधायरे होते. कितीजणांकडे रेडिओ होता, हे विचारण्याची गरज कुणाला वाटली नाही. वाचकांचं वार्षिक संमेलन आबासाहेबांच्या मळ्यात हुरड्याच्या दिवसांत भरायचं. भाषणं व्हॉल्व्हवर व्हायची, लक्ष हुरड्यावर असायचं.

चौऱ्याऐंशी साली विष्णुपंतांनी ‘माझा पहिला रेडिओ’ अशी स्पर्धा ठेवली. चौदा पत्रं आली. त्यांतलं एक येलदरीहून होतं, धरणाच्या वीजघरात ऑपरेटर असलेल्या लिंबाजी खंदारे यांचं. अक्षर टपोरं, कागद वहीचा.

लिंबाजींनी लिहिलं होतं, की त्यांचे वडील सटवाजी यांनी बंद पडलेला एक रेडिओ विकत घेतला आणि स्वतः खटपट करून चालू केला. वस्तीतला तो पहिला रेडिओ. संध्याकाळी बातम्यांच्या वेळी तीस-चाळीस माणसं दारात बसायची. अठ्ठ्याहत्तर सालच्या ऑगस्टमध्ये, नामांतराचा ठराव झाल्यानंतर, गावातल्या लोकांनी वस्ती पेटवली. पुढं कोण होतं तेही लिहिलं होतं: आबासाहेबांचा धाकटा भाऊ भुजंग आणि त्यांच्या मळ्यातली माणसं. गाव आबासाहेबांचंच. रेडिओचा फक्त लोखंडी सांगाडा उरला. सोबत लिंबाजींनी त्या सांगाड्याचं पेन्सिलीनं चित्र काढलं होतं आणि खाली विचारलं होतं, हा रेडिओ कोणत्या सालचा असावा?

विष्णुपंतांनी चित्र पाहिलं आणि खुर्चीतून उठले. असा सांगाडा त्यांनी फक्त पुस्तकात पाहिला होता. चार व्हॉल्व्हचा, बॅटरीवर चालणारा, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा दुर्मीळ नग गेला, असं ते दोनदा म्हणाले. मग त्यांनी पत्र पुन्हा वाचलं, चष्मा पुसला आणि लाल पेन उघडलं.

दुसऱ्या दिवशी मी जे टाइप केलं त्यात वस्ती नव्हती, ऑगस्ट नव्हता आणि भुजंगही नव्हता. वडिलांची खटपट होती, बातम्या होत्या, आणि शेवटी एक वाक्य होतं: ‘पुढे अतिउष्णतेमुळे हा रेडिओ निकामी झाला.’ खाली संपादकांची टीप: ‘वाचकांनी बोध घ्यावा. रेडिओ चुलीजवळ ठेवू नयेत.’ पत्राला पहिलं बक्षीस दिलं होतं.

माझा हात थांबला का, तर नाही. चाळीस शब्दांचा माझा वेग होता आणि मला त्याचा अभिमान होता.

अंक गेला त्याच्या पुढच्या रविवारी लिंबाजी जिंतूरवरून बस बदलून परभणीला विष्णुपंतांच्या घरी आले. पस्तिशीचा, शांत माणूस. खांद्याला कापडी पिशवी. मी तेव्हा तिथंच स्टेन्सिल तपासत होतो. त्यांनी पिशवीतून सांगाडा काढून टेबलावर ठेवला. काळा पडलेला, एका कोपऱ्यात वाकलेला. विष्णुपंत त्यावर असे वाकले की पाहुण्याला बसा म्हणायचं राहून गेलं. सुमंगलाबाईंनी चहा आणला आणि त्यांनीच लिंबाजींना खुर्ची दिली.

“साहेब,” लिंबाजी म्हणाले, “आमची चूल बाहेर होती, अंगणात. रेडिओ आत फळीवर होता.”

विष्णुपंतांनी मान वर केली. त्यांनी मासिकाचं धोरण समजावून सांगितलं. चौकट दाखवली. रेडिओला जात नसते, असं एक वाक्य ते नेहमी म्हणायचे, तेही म्हणाले.

“रेडिओला नसंल,” लिंबाजी म्हणाले. “कुणी जाळला ते नका छापू. जाळला, एवढं तरी छापा. दुरुस्ती म्हणून.”

विष्णुपंतांनी विचार करतो असं सांगितलं. कचेरीत याचा अर्थ काय असतो ते मला माहीत होतं आणि लिंबाजींनाही माहीत असावं. निघताना विष्णुपंतांनी हळूच विचारलं, हा सांगाडा इथंच ठेवला तर? संग्रहात नीट राहील, वर नावाची चिठ्ठीही लावू. लिंबाजींनी सांगाडा पिशवीत घातला आणि चहा संपवून गेले.

पुढच्या अंकात त्या मॉडेलवर दोन पानांचा लेख आला. दुरुस्ती आली नाही.

मग पोस्टकार्डं सुरू झाली. दर महिन्याच्या सात-आठ तारखेला येलदरीहून एक कार्ड यायचं. त्यावर एकच ओळ असायची: ‘दुरुस्ती राहिली आहे. – लि. स. खंदारे.’ वर्गणी संपण्याआधी नवी वर्गणी यायची. इतका नियमित वर्गणीदार आम्हाला दुसरा मिळाला नाही. पहिल्या वर्षी विष्णुपंत चिडायचे. नंतर ते कार्ड वाचेनासे झाले. सुमंगलाबाई कार्डं घ्यायच्या आणि आत न्यायच्या. मला वाटायचं, बंबात घालत असतील.

मासिक हळूहळू सुकत गेलं. घरोघरी टीव्ही आला. काही वर्गणीदार वारले, काहींच्या मुलांनी अंक परत पाठवले. आबासाहेबांनी रंगीत टीव्ही घेतल्यावर मळ्यातलं संमेलन बंद झालं. विष्णुपंत निवृत्त झाले, डोळे अधू झाले, सायक्लोस्टाइलची शाई मिळेना. शेवटी त्यांनी ठरवलं की चौऱ्याण्णवचा जानेवारीचा अंक शेवटचा. निरोपाचं संपादकीय त्यांनी तीन पानी लिहिलं. त्यात ‘यज्ञ’ हा शब्द अकरा वेळा होता.

या अंकात शुद्धिपत्र हवं, अशीही त्यांची इच्छा होती. पंधरा वर्षांतल्या सगळ्या चुका एकदा दुरुस्त करून मोकळं व्हायचं. आम्ही दोघांनी जुने अंक चाळले. व्हॉल्व्हचे चुकलेले नंबर, उलटी छापलेली आकृती, आबासाहेबांच्या नावातला राहिलेला काना. एकूण एक्केचाळीस चुका निघाल्या.

त्याच आठवड्यात संक्रांतीला विद्यापीठाच्या नव्या नावाची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी बाजार अर्धा उघडा, अर्धा बंद होता. मी घरी बसून शुद्धिपत्राची स्टेन्सिल केली आणि बेचाळिसावी ओळ माझ्या मनानं घातली: ‘लिंबाजी खंदारे यांचा रेडिओ उष्णतेने निकामी झाला नाही. लोकांनी तो जाळला.’ हे धाडस होतं असं कुणी समजू नये. विष्णुपंत आता माझे साहेब नव्हते, एवढंच.

विष्णुपंतांनी स्टेन्सिल उजेडापुढं धरून वाचली. खालच्या ओळीवर बोट ठेवलं. मला वाटलं, स्टेन्सिलवरची चूक बुजवायचं लाल औषध मागतील. पण ते म्हणाले, “‘जाळण्यात आला’ असं करा, रंगनाथराव. ‘लोकांनी’ काढा. तेवढं झेपेल.”

मी तेवढं केलं. ‘जाळण्यात आला’ अशी का होईना, ती ओळ छापली गेली.

अंकावर अकरा पत्रं आली. सहाजणांनी शेवटच्या अंकात राजकारण आणल्याबद्दल खेद कळवला. चौघांनी एक्केचाळीस दुरुस्त्यांमधल्या नव्या चुका दाखवल्या. अकरावं येलदरीचं कार्ड होतं: ‘शुद्धिपत्र मिळाले. कर्ता राहिला आहे.’

विष्णुपंत म्हणाले, आता मासिकच बंद झालं, इलाज नाही. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद मला स्पष्ट दिसला. सुमंगलाबाई आतून आल्या. त्यांच्या हातात दहा वर्षांच्या कार्डांचा गठ्ठा होता आणि वहीच्या कागदावरचं ते मूळ पत्र.

“अंक बंद झालाय,” त्या म्हणाल्या. “पत्ते माझ्याकडं हायेत.”

वर्गणीदार त्रेचाळीस उरले होते. सुमंगलाबाईंनी त्रेचाळीस पोस्टकार्डं आणवली आणि चार दुपारी बसून प्रत्येकावर लिंबाजींच्या पत्रातली जळिताची वाक्यं उतरवून काढली, गावाच्या आणि भुजंगच्या नावासकट. खाली स्वतःची सही केली. विष्णुपंतांनी पहिल्या दिवशी विनवण्या केल्या, दुसऱ्या दिवशी अन्नावर राग काढला, तिसऱ्या दिवशी जेवले. आबासाहेबांच्या कार्डावर तरी नाव घालू नको, असं त्यांनी सुचवून पाहिलं. बाईंनी ते कार्ड सगळ्यांत आधी टपालपेटीत टाकलं.

फार काही झालं नाही. सोनपेठकडं म्हातारीला वेड लागल्याचं बोललं गेलं. भोपाळच्या मावसभावानं संबंध तोडले. ते आधीही फारसे नव्हते. आबासाहेबांचं उत्तर आलं नाही.

उन्हाळ्यात लिंबाजी आले, रिकाम्या हातानं. विष्णुपंत दारापर्यंत आले आणि आतल्या खोलीत गेले. लिंबाजी सुमंगलाबाईंसमोर बसले. पत्रात न मावलेलं बरंच होतं, ते त्यांनी तासभर सांगितलं: त्या रात्री कोण कुठं पळालं, आई बायनाबाई कुठं लपली, वडील त्यानंतर किती महिने जगले.

मी कोपऱ्यात होतो. सगळं ऐकलं. ते मी इथं लिहीत नाही. लिंबाजी ते मला सांगत नव्हते, आणि लिहिण्याची परवानगी मी त्यांना अजून विचारलेली नाही.